केबिनीतला एकांत आणि समीक्षेचा आळस

गेल्या तीन वर्षांत अमेरिकेतून आणि आयर्लंडमधून आलेले इंडी व फोक वळणाचे बरेच अल्बम ऐकून झाले आणि त्यांच्यावरची परीक्षणेही वाचून झाली. अल्बम एकमेकांपासून पुष्कळ वेगळे आहेत; परीक्षणे मात्र एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत. साचा असा: पहिल्या परिच्छेदात एक जागा येते (जंगल, हिवाळा, लाकडी केबिन, किंवा निदान जुने टेपयंत्र असलेली खोली). दुसऱ्यात एक जखम येते (विरह, आजार, मृत्यू). तिसऱ्यात गीतांतल्या दोन-चार ओळी उद्धृत करून त्या जखमेशी जुळवल्या जातात. शेवटी 'प्रामाणिक', 'निखळ', 'अनलंकृत', 'अस्सल' ह्या विशेषणांपैकी किमान दोन देऊन निकाल लागतो. ह्या सगळ्या व्यवहारात संगीत नेमके कुठे ऐकले गेले, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

हा आजार परदेशी समीक्षेपुरता असता तर त्यावर मराठीत लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु आपल्याकडे ह्या संगीताविषयी जे थोडेफार लिहिले व बोलले जाते, तेही ह्याच वळणाचे असते, आणि ते करणारे बहुधा साहित्याचे विद्यार्थी किंवा अध्यापक असतात. वर्गात 'लेखकाचा मृत्यू' शिकवणारी, विमसॅट आणि बिअर्ड्स्ली ह्यांनी १९४६ साली मांडलेला हेतुदोष परीक्षेत विचारणारी ही मंडळी. कादंबरीकाराच्या चरित्रावरून कादंबरी तोलू पाहणाऱ्याला ती हसतील. पण हेडफोन कानाला लावले की तीच मंडळी गायकाच्या घटस्फोटाची चौकशी करू लागतात. म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

माझे म्हणणे थोडक्यात असे. इंडी-फोकच्या बाबतीत 'अस्सलपणा' हे मूल्य ऐकण्याची जागा घेऊन बसले आहे. त्यातून दोन नुकसाने होतात. एक म्हणजे ज्या अल्बमांची स्तुती होते त्यांच्यातली खरी कारागिरी झाकली जाते. दुसरे नुकसान अधिक गंभीर आहे: 'फोक' ह्या शब्दातला 'लोक' नाहीसा होऊन त्याच्या जागी एकटा, दुःखी, गिटारधारी माणूस येऊन बसतो आणि ज्या अनेकांनी ही गाणी घडवली, वाहिली, शिकवली, त्यांना प्रस्तावनेतही जागा उरत नाही.

१.

केबिनीपासूनच सुरुवात करू. जस्टिन व्हर्नन ह्या गायकाने २००६-०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिन राज्यातल्या आपल्या वडिलांच्या शिकारी केबिनीत काही महिने काढले आणि तिथे केलेल्या ध्वनिमुद्रणांतून 'फॉर एमा, फॉरेव्हर अगो' हा अल्बम आकाराला आला. 'बोन इव्हेर' ह्या नावाने तो २००७ साली त्याने स्वतःच काढला आणि २००८ मध्ये तो जगभर पोहोचला. तुटलेले प्रेमसंबंध, फुटलेला जुना बँड, आजारपण, बर्फ: कथेला लागणारा सारा ऐवज त्यात होता. ही कथा खोटी नाही. तिने गेली जवळजवळ दोन दशके एका संपूर्ण संगीतप्रकाराच्या समीक्षेला जे वळण लावले, त्याविषयी माझी तक्रार आहे.

कारण तो अल्बम कान देऊन ऐकला तर तिथे एकटा माणूस ऐकूच येत नाही. ऐकू येतो एक वृंद. व्हर्ननने स्वतःचाच उंच, कृत्रिम पट्टीतला आवाज पुन्हा पुन्हा मुद्रित करून त्याचे थर एकावर एक रचले आहेत. एका आवाजाच्या सीमारेषा दुसऱ्यात विरघळतात, शब्द अर्धवट कळतात, आणि न कळणे हाच त्या गाण्यांचा परिणाम आहे. शीर्षकगीतात वाजणारी पितळी वाद्ये तर दुसऱ्याच वादकांनी वाजवलेली आहेत. म्हणजे 'एकांत' नावाची जी वस्तू श्रोत्यापर्यंत पोहोचते ती मायक्रोफोन, संगणक आणि संयम ह्यांतून बांधलेली आहे. ती बांधलेली आहे हे सांगण्याने तिचे मोल कमी होत नाही. उलट कलावंताला कलावंत म्हणून मिळायला हवा तो मान तिथेच सुरू होतो. 'हिवाळ्याने त्याच्याकडून गाऊन घेतले' असे म्हणणे म्हणजे त्याच्या श्रमाची मजुरी हवामानाला देणे आहे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये ह्याच बोन इव्हेरचा 'सेबल, फेबल' आला. आधीच्या वर्षी स्वतंत्रपणे आलेली तीन विरळ गाणी त्याच्या आरंभी आहेत, आणि त्यांच्यानंतर सोल, गॉस्पेल व पॉप ह्यांच्या अंगाने जाणारी उजळ, कधीकधी चक्क नाचरी गाणी. समीक्षेने ह्याचीही लगेच चरित्रकथा केली: केबिनीतला माणूस अखेर दार उघडून बाहेर आला, आनंदी झाला. पण ह्या अल्बमाचा प्रश्न त्याच्या रचनेत आहे. पहिल्या तीन गाण्यांतला आवाज जवळचा, बराचसा खालच्या पट्टीतला, गिटार आणि मोजक्या तंतुवाद्यांच्या सोबतीचा आहे. पुढे निर्माता जिम-ई स्टॅकच्या साथीने ताल पुढे येतो आणि आवाज गाण्याच्या मध्यभागावरून हलून अनेक आवाजांतला एक होतो. एका गाण्यात डॅनिएल हाइमचा स्वर तर त्याच्या बरोबरीने उभा राहतो. हा जोड साधला आहे का? माझ्या मते अर्धाच. पहिला भाग इतका घट्ट आहे की दुसऱ्यातली काही गाणी त्याच्या शेजारी सैल वाटतात. मात्र जिथे दोन आवाज एकमेकांना उत्तर देतात तिथे अल्बम खरोखर फुलतो. कोणी ह्याच्या उलटही म्हणेल. पण हा वाद घालता येतो, कारण तो ऐकण्याविषयीचा आहे. 'व्हर्नन आता सुखी आहे का' ह्यावर वाद घालणे म्हणजे पारावरच्या गप्पा.

२.

एखादा म्हणेल, फोक संगीतात अस्सलपणाचा आग्रह धरणे स्वाभाविकच नाही का? ते तर 'मातीतले' संगीत. ह्या 'माती'चा इतिहास थोडा उकरून पाहणे बरे.

१९३३ साली जॉन लोमॅक्स ह्या संग्राहकाला लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात हडी लेडबेटर, म्हणजेच लेडबेली, हा कृष्णवर्णी गायक भेटला. सुटकेनंतर लोमॅक्सने त्याला अमेरिकेच्या उत्तरेकडील श्रोत्यांसमोर उभे केले. १९३५ च्या एका वृत्तपटात त्याला पुन्हा कैद्याच्या वेषात स्वतःचीच भूमिका करावी लागली. लेडबेलीला स्वतःला नीटनेटका सूट आवडत असे. त्याला त्या काळची लोकप्रिय चालू गाणीही येत होती आणि ती गावीशी वाटत होती. पण विद्वानांना हवा होता तो तुरुंगातला, रानटी, 'शुद्ध' गायक. त्याच्या डिसेंबर १९४९ मधल्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, १९५० साली, 'गुडनाइट, आयरीन' हे गाणे वीव्हर्स ह्या गोऱ्या गायकसमूहाच्या आवाजात देशभर गाजले आणि त्याच्या श्रेयात लोमॅक्सचेही नाव होते. अस्सलपणाचा पोशाख कोणी शिवला, कोणी घातला आणि त्याचे पैसे कोणाला मिळाले, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, एवढे ह्या एका उदाहरणावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

दुसरे उदाहरण १९५२ चे. हॅरी स्मिथने संपादित केलेला आणि फोकवेज कंपनीने काढलेला 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक' हा संच पुढच्या पिढीच्या फोक गायकांचा पाठ्यग्रंथच ठरला. त्यात ८४ ध्वनिमुद्रणे आहेत. ती रानावनांत हिंडून गोळा केलेली नाहीत. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात व १९३० च्या आरंभी व्यापारी कंपन्यांनी विकण्यासाठी काढलेल्या जुन्या तबकड्यांमधून ती निवडलेली आहेत. गाणाऱ्यांना ती विकली जावीत अशीच इच्छा होती. स्मिथने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली: आपल्या टिपणांत गायक गोरा की काळा हे सांगितलेच नाही. श्रोत्याने आधी ऐकावे, मग वर्गीकरण करावे, असा तो पाठ होता. पाऊणशे वर्षांनी आपण तो उलटा गिरवत आहोत.

तिसरे उदाहरण अलीकडचे. गिलियन वेल्चचा पहिला अल्बम 'रिव्हायव्हल' १९९६ साली आला तेव्हा तिच्यावर एक खटलाच चालवला गेला. आरोप असा की ही मुलगी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली, लॉस एंजेलिसमध्ये वाढलेली, आईवडील दूरचित्रवाणीसाठी संगीत करणारे, शिक्षण बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात. मग हिने अॅपलेशियाच्या डोंगराळ मुलखातली दुःखे गावीत कशी? ह्या आरोपात गाण्यांविषयी एक अक्षर नव्हते. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे वेल्च आणि तिचा साथीदार डेव्हिड रॉलिंग्ज दोन गिटारी आणि दोन आवाज घेऊन काम करीत राहिले. २०२४ मध्ये आलेल्या त्यांच्या 'वुडलँड'ला २०२५ चे सर्वोत्तम फोक अल्बमचे ग्रॅमी मिळाले. हा अल्बम नॅशव्हिलमधल्या त्यांच्या स्टुडिओच्या नावाने आहे. मार्च २०२० च्या चक्रीवादळाने त्या वास्तूचे छप्पर उडवले होते. साहजिकच परीक्षणांना वादळ सापडले आणि ते पुरले. वस्तुतः ऐकण्याजोगी गोष्ट ही की रॉलिंग्जची गिटार आवाजाच्या मागे चालत नाही. ती ओळीच्या शेवटी सुरावर न थांबता शेजारच्या खटकणाऱ्या स्वरावर रेंगाळते, आणि तंतुवाद्यांचा जो थोडा पडदा ह्या अल्बमात आला आहे तो तेवढ्याच जागा मऊ करतो. तीस वर्षांपूर्वी जिला 'नकली' म्हटले गेले ती आज 'अस्सल' ठरली आहे. मधल्या काळात तिचे जन्मस्थान बदललेले नाही. बदलली ती आपली सवय. मग ह्या कसोटीने तेव्हा नेमके काय मोजले होते?

३.

केबिनकथेची सध्याची नायिका म्हणजे एड्रियन लेंकर. तिचा 'साँग्ज' हा अल्बम २०२० च्या वसंतात पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या एका खोलीच्या केबिनीत, टेपवर मुद्रित झाला. त्याविषयी एव्हाना इतके लिहिले गेले आहे की त्या केबिनीचा नकाशा काढता येईल. मार्च २०२४ मधला 'ब्राइट फ्यूचर'ही रानातल्या स्टुडिओत, टेपवरच केलेला. पण पहिल्याच 'रिअल हाउस' ह्या गाण्यात लेंकरची ओळख असलेली गिटार बाजूला राहते. येतो तो पियानो, आणि त्यावर जवळजवळ सहा मिनिटे बालपणाच्या व आईच्या आठवणींचे, कुठेही ध्रुवपदाला न टेकणारे कथन. ध्रुवपद नसणे ही इथली निवड आहे. आठवण परत फिरून येत नाही, पुढेच सरकते, म्हणून गाणेही फिरून येत नाही. नेमके हे सांगायचे सोडून 'किती खासगी!' असे उद्गार काढले गेले. खासगीपणा तर कोणाच्याही डायरीत असतो.

त्याच अल्बमात 'व्हॅम्पायर एम्पायर' नावाचे गाणे आहे आणि त्याची कहाणी आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने फार उपयोगाची आहे. लेंकरचा बँड बिग थीफ हे गाणे रंगमंचावर गात असे. २०२३ मध्ये दूरचित्रवाणीवर ते सादर झाले आणि चाहत्यांच्या तोंडी बसले. त्याच वर्षी स्टुडिओतले मुद्रण आले तेव्हा त्यांतल्या अनेकांनी तक्रार केली की 'खरे' गाणे हे नव्हे. पुढच्या वर्षी 'ब्राइट फ्यूचर'वर तिसरे रूप आले: सैल, खरखरीत, फिडलच्या अंगाने जाणारे. लोकसाहित्य शिकवणाऱ्या कोणालाही हे दृश्य परिचित असायला हवे. एकाच गाण्याची तीन रूपे, त्यांपैकी कोणतेही मूळ नाही, आणि समूह आपल्याला आवडलेल्या रूपासाठी भांडतो आहे. ह्याला पाठभेद म्हणतात. फोकपणाचा शोधच घ्यायचा तर तो इथे घ्यावा: गाणे हातातून हातात जाताना बदलते, आणि ऐकणाऱ्यांना ते आपले वाटते. लाकडी भिंतींचा त्याच्याशी संबंध नाही.

लेंकरने स्वतः ह्या कथेला दिलेले उत्तर २०२५ च्या सप्टेंबरात आले. बिग थीफचा 'डबल इन्फिनिटी' हा अल्बम न्यूयॉर्क शहराच्या मध्यावर, पॉवर स्टेशन ह्या नामांकित स्टुडिओत झाला. बासवादक गेल्यामुळे बँडमध्ये तिघेच उरलेले. त्यांनी भोवती बरेच वादक जमवले आणि तीन आठवडे सगळ्यांनी एकत्र वाजवले. त्यांत झिथर वाजवणारा, १९८० पासून अँबियंट संगीतात ख्यातकीर्त असलेला लाराजी हाही आहे. ध्वनी गर्दीचा आहे: तालवाद्यांच्या दोन-तीन हालचाली एकाच वेळी चालू, गुणगुण, मध्येच उमटणारे अनोळखी आवाज. काहींना ह्यात लेंकरची गाणी बुडाल्यासारखी वाटली. मलाही दोन ठिकाणी तसे वाटले; शब्दांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. पण 'जंगलात होती तेव्हा खरी होती' हे त्या आक्षेपाचे कारण असू शकत नाही. गर्दीतही माणूस खरा असू शकतो, आणि मुंबईच्या लोकलमध्ये भजन ऐकलेल्या आपल्यासारख्यांना तरी हे वेगळे सांगायला नको.

४.

आता 'लोक' ह्या शब्दाकडे येऊ. डब्लिनच्या लँकम ह्या चौघांच्या गटाचा 'फॉल्स लँकम' हा अल्बम मार्च २०२३ मध्ये आला. त्यातली बहुसंख्य गाणी पारंपरिक आहेत. पहिले 'गो डिग माय ग्रेव्ह' रेडी पीट ही गायिका गाते, आणि ते तिने केंटकीच्या जीन रिची ह्या गायिकेच्या मुद्रणावरून उचललेले आहे. प्रेमभंगाने जीव देणाऱ्या मुलीचे हे गाणे ज्या गीतकुळातले, त्याची पाळेमुळे ब्रिटिश बेटांत आहेत. तिथून ते स्थलांतरितांबरोबर अटलांटिक ओलांडून गेले. त्याच कुळातले 'द बुचर्स बॉय' हे गाणे बुएल काझीच्या आवाजात स्मिथच्या त्या १९५२ च्या संचातही आहे. तेच कूळ आता उलटा प्रवास करून डब्लिनला परतले आहे. म्हणजे आयरिश गटाने 'आपली' परंपरा अमेरिकन तबकडीवरून शिकली. शुद्धतेच्या पुजाऱ्यांनी ह्याचे काय करावे?

आणि ते गायले कसे आहे! प्रारंभी जवळजवळ निराधार आवाज, सपाट, कुठलीही करुणा न मागणारा. मग खालून एक अखंड घुमणारा स्वर हळूहळू वर येतो, त्यावर जडशीळ ठोके पडू लागतात, आणि आठ मिनिटांच्या अखेरीस गाणे मोडून आक्रोशात जाते. आयर्लंडमध्ये मृताजवळ बसून सूर लावून रडण्याची जी परंपरा होती तिची ही आठवण आहे. निर्माता जॉन मर्फीने त्या गुंजनाला जे वजन दिले आहे ते हेवी मेटलच्या श्रोत्यालाही ओळखीचे वाटेल. इथे गायिकेच्या खासगी आयुष्याविषयी आपल्याला काहीही कळत नाही, आणि काहीही कमी पडत नाही. दुःख आहे, पण ते कोणा एकाचे नाही. परीक्षणाच्या साच्यातला दुसरा परिच्छेद, जखमेचा, इथे लिहिताच येत नाही. म्हणून ह्या अल्बमाविषयी लिहिताना निदान काहींना ध्वनीविषयी लिहिणे भाग पडले, हा एक आनुषंगिक लाभ.

ह्याच पंक्तीत जेक झर्क्सिज फसेलचा 'व्हेन आय'म कॉल्ड' (२०२४) बसवता येईल. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाच्या घरात वाढलेला हा गायक स्वतः फारसे लिहीत नाही. गोळा करतो, जोडतो, पुन्हा गातो. ह्या अल्बमात खलाशांचे श्रमगीत आहे, बेंजामिन ब्रिटनने शाळकरी मुलांसाठी बांधलेले कोकिळेचे गाणे आहे, आणि अँडी वॉरहॉलला उद्देशून एका विक्षिप्त चित्रकाराने रचलेलेही एक आहे. हे तिन्ही तो त्याच शांत, किंचित आळसावलेल्या आवाजात गातो, आणि ऐकता ऐकता कोणते 'लोकां'चे नि कोणते कागदावरचे हा भेद पुसला जातो. श्रेयनामावलीत मात्र तो भेद नीट नोंदलेला असतो. माझ्या मते हीच योग्य रीत: कानाला भेद जाणवू नये, हिशेबात मात्र तो चुकू नये.

५.

इथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. ऱ्हियानन गिडन्स आणि जस्टिन रॉबिन्सन ह्यांचा 'व्हॉट डिड द ब्लॅकबर्ड से टु द क्रो' (एप्रिल २०२५) हाही जागेच्याच कथेवर उभा नाही का? नॉर्थ कॅरोलायनात, घरांच्या अंगणांत, उघड्यावर मुद्रित केलेली फिडल आणि बॅन्जोची अठरा गाणी व गती. पार्श्वभूमीला पक्षी, आणि सिकाडा किड्यांचा कल्लोळ. केबिन गेली आणि अंगण आले, एवढाच फरक!

फरक तेवढाच नाही. निवडलेल्या जागांपैकी एक होती फिडलवादक जो थॉम्प्सन ह्यांचे घर. थॉम्प्सन १९१८ मध्ये जन्मले आणि २०१२ मध्ये वारले. कृष्णवर्णीयांच्या फिडल-बॅन्जो वादनाच्या परंपरेचे ते अखेरच्या काही वाहकांपैकी एक. २००५ च्या सुमारास गिडन्स, रॉबिन्सन आणि डॉम फ्लेमन्स हे तिघे त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले आणि त्यातून 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा गट उभा राहिला. दुसरी जागा एटा बेकर ह्या गिटार व बॅन्जोवादक स्त्रीचे घर. तिसरी जागा गुलामांच्या श्रमावर चाललेल्या एका जुन्या मळ्याचे घर. व्हर्ननच्या केबिनीची कथा ऐकणाऱ्याला गायकाकडे नेते. ह्या अंगणांची कथा गायकांपासून दूर, त्यांना शिकवणाऱ्यांकडे आणि त्या शिक्षकांच्या पूर्वजांकडे नेते. बॅन्जो हे वाद्य आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी अमेरिकेच्या भूमीवर आपल्या आठवणीतून घडवले. पुढे ते 'गोऱ्या डोंगरी लोकांचे' म्हणून इतके रूढ झाले की कृष्णवर्णी वादकालाच आपला हक्क सिद्ध करावा लागू लागला. अस्सलपणाच्या कल्पनेने केलेली ही चोरी आहे, आणि ती कोणा एका चोराने केलेली नसून वर्गवारी करणाऱ्या, कपाटे लावणाऱ्या, परीक्षणे लिहिणाऱ्या सगळ्यांनी मिळून केलेली आहे.

सांगीतिक दृष्ट्याही हा अल्बम शिकवणारा आहे. फिडल आणि बॅन्जो इथे सुरावट आणि साथ अशी कामे वाटून घेत नाहीत. दोघेही तीच सुरावट वाजवतात, पण बॅन्जो तिचे टोकदार कण पाडतो आणि फिडल ते कण ओढून एक करतो. ह्या दोघांमधल्या सूक्ष्म फटीत नाचाचा ठेका राहतो. एकटा माणूस हे करू शकत नाही, आणि स्टुडिओत थर रचूनही ते सहजी जमणार नाही. दोघांनी समोरासमोर बसून वर्षानुवर्षे वाजवले तरच ते होते. इथे जागेची माहिती आणि ध्वनीची माहिती एकमेकींना उजळतात. जागेची कथा सांगायलाच नको असे माझे म्हणणे नाही. ती सांगून झाल्यावर कानाला काही अधिक ऐकू आले पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे.

६.

दुसरा आक्षेप भावनेचा. 'गायकाने दुःखातून गायले हे कळल्यावर आम्हाला गाणे अधिक भिडते. त्यात वाईट काय?' वाईट काही नाही. भिडू द्यावे. पण ते समीक्षेचे प्रमाण म्हणून चालवू नये, कारण त्याचा हप्ता कलावंताला भरावा लागतो. सफयान स्टीव्हन्सचा 'कॅरी अँड लोवेल' (२०१५) हा आईच्या मृत्यूनंतरचा अल्बम ह्या पिढीच्या शोकगीतांचा मानदंड समजला जातो. २०२५ मध्ये त्याची दशकपूर्तीची आवृत्ती निघाली तेव्हा खुद्द स्टीव्हन्सने त्या अल्बमाविषयीचे आपले अवघडलेपण जाहीरपणे व्यक्त केले. ज्या कामाच्या प्रामाणिकपणाची जगाने दहा वर्षे शपथ घेतली, त्याविषयी कर्त्यालाच संकोच वाटतो. मधल्या २०२३ च्या 'जॅव्हेलिन'चे तर असे झाले की तो अल्बम दिवंगत जोडीदाराला अर्पण केल्याचे त्याने सांगितले आणि त्या दिवसापासून त्याच्यावर त्याखेरीज दुसरे काही लिहिणेच जवळजवळ बंद झाले. त्या गाण्यांत कुजबुजीपासून सुरू होऊन पाचसहा स्त्रीस्वरांच्या वृंदात उसळणारी जी रचना पुन्हा पुन्हा येते, तिचा विचार कोणी करायचा?

ह्यासाठी आपल्याला परकी उपकरणे उसनी आणण्याची गरज नाही. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये संवादलय, विरोधलय आणि समतोललय ह्यांची मांडणी केली. तिच्यावर आक्षेप पुष्कळ आहेत आणि ते वर्गात शिकवलेही जातात. तरीही ऐकताना आधी घाटाकडे पाहा, ही त्या मांडणीची शिस्त इथे कामी येते. लँकमचे गुंजन आणि सपाट आवाज ह्यांचा विरोध, गिडन्स-रॉबिन्सन ह्यांचा संवाद, वेल्च-रॉलिंग्ज ह्यांचा तोल: शब्द तयार आहेत, वापरणारे हवेत.

आणि 'लोक' म्हणजे कोण, हेही शिकायला फार दूर जायला नको. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी पुण्यातून चालवलेल्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून 'पारी' ह्या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने येत आहेत. तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव असते, गाव असते, पुष्कळदा तिचा आवाजही असतो. ओवी कोणा एकीची नाही आणि तरीही गाणारी निनावी नाही. ही दुहेरी नोंद हीच लोकसंगीताविषयीची सभ्यता आहे. ओव्यांच्या बाबतीत ती आपण मान्य करतो. इंग्रजी गाणी ऐकताना मात्र आपल्याला एकच नाव आणि एकच जखम हवी असते.

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या वेळी एखाद्या नव्या फोक अल्बमावर लिहायला बसाल तेव्हा पहिला मसुदा असा लिहून पाहावा की त्यात गायकाचे चरित्र नाही, मुद्रणाची जागा नाही, आणि 'प्रामाणिक' हा शब्द नाही. कोणते वाद्य कधी येते, आवाज कुठे उभा आहे, गाणे कोणाकडून आले आणि येताना त्यात काय बदलले, एवढेच असावे. मग त्यात चरित्रातले जे घातल्याशिवाय चालणारच नाही ते घालावे. बहुतेक वेळा फार थोडे घालावे लागेल. आणि अध्यापकांनी हाच प्रयोग वर्गात करावा; विद्यार्थ्यांना 'गो डिग माय ग्रेव्ह' गायिकेचे नाव न सांगता ऐकवावे आणि पानभर लिहायला सांगावे. जे पान कोरे राहील ते आपल्या शिकवण्याचे प्रगतिपुस्तक समजावे.